एन्कार्नाचा वाडगा

बेबी, तुझ्या तेराव्याला आलेल्या बायकांनी मला फार मोठं करून ठेवलंय. तळमजल्यावरच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "नणंदेला स्पेन दाखवणारी भावजय मी तरी पाहिली नाही," आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी "कसलं हो" म्हणाले. मला खरंच तेच म्हणायचं होतं, पण त्यांना तो नम्रपणा वाटला. मग चहा फिरला. तू केलेला नव्हता, त्यामुळे बराचसा कपांत तसाच राहिला.

मग कुणाची तरी नजर फ्रिजवरच्या वाडग्याकडे गेली. मातीचा, पांढरा, काठाला हिरवे फराटे. "हा तिकडचाच ना? फोटोपुढे यात फुलं ठेवूया का?" मी एवढ्या जोरात "नको" म्हणाले की तुझे दादा आतल्या खोलीतून बाहेर आले. त्या बाईला वाटलं असेल, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही. पण त्या वाडग्यात काय घालायचं हे ठरवायचा हक्क तिला नव्हता आणि मलाही नाही. तो वाडगा अजून तिकडच्या शेजारणीचा, एन्कार्नाचा आहे. तुझ्याकडून परत द्यायचा राहिलाय, एवढंच.

तू गेलीस त्या दिवशी शेजारून पिठलं-भात आला, दुसऱ्या दिवशी कुणी आमटी आणली, कुणी उसळ. ती सगळी भांडी मी घासून रिकामीच परत केली. कुणी काही बोललं नाही, सुतकात कोण बोलणार. पण दर वेळी दार लावताना वाटायचं, आता आतून तुझा आवाज येईल, "वयनी, रिकामा भांडा दिलंस?" मुंबईत जन्म गेला तरी रागावलीस की तू मालवणीवर यायचीस.

स्पेन दाखवलं म्हणे. काय दाखवलं गं मी तुला? माझी मुलगी ऋतुजा, जिला मी जन्म दिला आणि तू वाढवलंस, ती नवऱ्याबरोबर मालागाच्या वरच्या डोंगरात राहायला गेली. दोघांचं काम कॉम्प्युटरवर, कुठेही बसून होतं. तिने आईबाबांना बोलावलं. तुझे दादा म्हणाले, इतके तास बांधून न्यायला मी काय सुटकेस आहे? माझे गुडघे तेव्हा फार दुखत होते आणि एकटीने विमान बदलायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुझा पासपोर्ट काढला. माझी पर्स धरायला, माझ्या गोळ्या लक्षात ठेवायला आणि ऋतुजाला तुझे बेसनलाडू हवे होते म्हणून. सावंतवहिनींना हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

विमानतळापासून ऋतुजाची गाडी चढायला लागली. ऑलिव्हची झाडं संपली, पाइनची सुरू झाली आणि एका वळणावर खाली तलाव दिसले. धरणाने अडवलेलं पाणी, एकामागे एक, कुठे हललेलंसुद्धा नाही. तू काचेला नाक लावलंस. "गो वयनी, ह्यां तर आमच्या तिलारीच्या धरणासारख्यांच दिसता." मी म्हटलं, एवढे पैसे खर्च करून तिलारीच बघायची होती तर एसटी होती की. मग पाणी निळं की हिरवं यावर आपलं जुंपलं. गाव येईपर्यंत मी हिरवं म्हणत होते आणि तू निळं. ते भांडण इथे मुलुंडलाही अधूनमधून निघायचं. आज मी म्हणते निळं होतं. घे.

गाव ते केवढं. डोंगराच्या उतरणीवर पांढऱ्या घरांच्या चार गल्ल्या, एक चर्च, एक दुकान आणि ते बंद असायचं तेव्हाच आपण जायचो. सकाळी पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत यायची. पहिल्या दिवशी तू अंथरुणातूनच ओरडलीस, "पाव आला गं!" आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून इतकी हसलीस की ऋतुजा धावत वर आली. आपल्या गल्लीत सायकलवर येतो त्याचा भोंगा आणि त्या गाडीचा हॉर्न यात तुला काहीच फरक वाटला नाही.

आणि दुपार. दुपारी जेवणं झाली की गाव बंद व्हायचं. खिडक्यांच्या फळ्या खाली, कुत्रीसुद्धा सावलीत आडवी. घरात अंधार आणि गारवा. आपल्याकडे दुपार म्हणजे तुझी भाजणी भाजायची, लाडू वळायची, ऑर्डरी बांधायची वेळ. तिथे तुला करायला काही नव्हतं. तू पलंगाच्या कडेला बसलीस, म्हणालीस "जरा पाठ टेकतंय," आणि झोपलीस. तोंड थोडं उघडं, हात उशीखाली. एवढी वर्षं एका घरात काढली, पण तुला दिवसाउजेडी झोपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मला ती शांतता खायला उठायची. टीव्ही नाही, फोनला नीट रेंज नाही, बोलायला कुणी नाही. मी उगाच फ्रिज उघडायचे, कपाट लावायचे. चार वाजायची वाट बघायचे आणि हाक मारायचे, "बेबी, चहा घेतेस ना?" आपल्या घरात 'चहा घेतेस ना' म्हणजे 'चहा कर', हे सगळ्यांनाच कळत होतं. तू उठायचीस, केसांचा अंबाडा बांधत बांधत खाली यायचीस. एकदा ऋतुजा म्हणाली, "आई, आत्याला झोपू दे ना. चहा मी टाकते." मी म्हटलं, "राहू दे गं, तिला सवय आहे."

आता दुपारी मी एकटीच असते तेव्हा हे वाक्य परत परत ऐकू येतं. तिला सवय आहे. मी बँकेच्या नोकरीत सही केलेल्या कुठल्याच कागदाची मला एवढी लाज वाटलेली नाही.

एन्कार्ना आली ती दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. समोरच्या घरातली, ठेंगणी, कानात सोन्याच्या रिंगा, कमरेला एप्रन. हातात हाच वाडगा, वर ताजे जर्दाळू. ती काहीतरी भराभर बोलली, तू काहीतरी भराभर बोललीस, ऋतुजा मीटिंगमध्ये होती, पण दोघींचं काही अडलं नाही. जर्दाळू खाऊन झाले आणि तू वाडगा धुऊन पुसून ओट्यावर ठेवलास. मी म्हटलं, देऊन ये तिचा. तू माझ्याकडे बघितलंस. "रिकामा कसा देऊ?" आणि आपण नेलेल्या शंकरपाळ्यांपैकी अर्ध्या त्यात ओतल्यास.

दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला, अंडी घेऊन. तू बेसनलाडू दिलेस. मग मुरवलेली ऑलिव्हं आली, त्यावर चिवडा गेला. मग बटाट्याचं ऑम्लेट आलं, जाड, केकसारखं कापलेलं. तोवर मुंबईहून नेलेलं सगळं संपलं. ऋतुजासाठी नेलेले लाडूसुद्धा त्या वाडग्यातून समोर गेले. मग तू ऋतुजाच्या कपाटातला रवा काढून शिरा केलास, कांदाभजी केलीस, तांदळाचं पीठ शोधून घावणे घातलेस. मी म्हणत होते, "बेबी, अगं थांब. तू थांबल्याशिवाय ती कशी थांबेल?" तू म्हणायचीस, "ती थांबली की मी थांबते."

शेवटी ऋतुजाने समोर जाऊन विचारलं तेव्हा कळलं, तिकडेही तेच चाललं होतं. एन्कार्नाची आईसुद्धा कुणाची ताटली रिकामी परत करत नसे. तिला वाटत होतं, तू एवढं करून पाठवतेस तर आपण मागे कसं राहायचं. तिच्या मुलाने तिला सांगून पाहिलं होतं, बस कर आता. ती ऋतुजाला म्हणाली, तुझ्या आत्याने मला या वयात कामाला लावलंय. एवढं सगळं समजल्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. तुम्ही दोघींनी त्या दिवसापासून जास्तच जोर धरला.

उन्हं उतरायला तिथे रात्रीचे साडेनऊ वाजतात. गल्लीतली माणसं आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायची. एन्कार्ना स्वतःची खुर्ची आणायची आणि शेजारी तुझ्यासाठी एक ठेवायची. माझ्यासाठी ऋतुजाने घरातून आणलेली. तुम्ही दोघी शेंगा सोलत बसायचात, ती तिच्या भाषेत, तू मालवणीत. तुझी गुरं, तुझी नदी, तुझे आईबाप, सगळं तू तिला सांगितलंस. तिच्या बापाचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं होतं, ते तिने हाताने खाली तलावाकडे दाखवून तुला सांगितलं आणि तुला ते बरोबर कळलं. मला ऋतुजाने नंतर सांगितलं तेव्हा कळलं. मी शेजारी बसून फोन वर धरून रेंज शोधत होते. खरं सांगायचं तर मला तुझा राग यायचा. घरी तू माझ्याशी बोलायचीस ते भाजी काय करू आणि गॅस कधी संपला. ही हसरी बाई इतकी वर्षं कुठे होती, असं वाटायचं, आणि ती माझ्या घरात का नव्हती हा प्रश्न मी पुढे जाऊ द्यायचे नाही.

निघायच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. खुर्च्या बाहेर होत्या. एन्कार्ना ऋतुजाला काहीतरी म्हणाली आणि ऋतुजा तुझ्याकडे वळली. "आत्या, ती म्हणतेय सप्टेंबरपर्यंत राहा. बदाम झोडायला माणसं लागतात, मजा असते. आणि मलाही तू हवीयेस गं. व्हिसा तीन महिन्यांचा आहे, तिकीट मी बदलते."

तू ऋतुजाकडे पाहिलं नाहीस. एन्कार्नाकडेही नाही. तू माझ्याकडे पाहिलंस.

आणि मी म्हणाले, "राहा की. आमचं काय, आम्ही डबा लावू."

शब्द लिहिले की किती साळसूद दिसतात. पण बेबी, तू, मी आणि तुझे दादा, आपल्या तिघांच्या घरात माझा तो सूर तुला पाठ होता. याच सुरात मी "जा की गावच्या लग्नाला, मी रजा टाकते" म्हणायचे आणि तू जायची नाहीस. तू हसलीस. म्हणालीस, "नको गं बाय, दादाला बाहेरचं जेवण पचत नाही." एन्कार्नाला ऋतुजाने सांगितलं असेल काहीतरी. तिने तुझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि तू पुन्हा शेंगा सोलायला लागलीस.

आमच्याकडे तू आली होतीस चार महिन्यांसाठी. ऋतुजा झाली होती, मला नोकरीवर परत जायचं होतं, सासूबाई म्हणाल्या बेबीला पाठवते. मग ऋतुजा बालवाडीत जाईपर्यंत, मग शाळेत रुळेपर्यंत. मध्ये दोन स्थळं आली, बोलणी झाली, ऋतुजा लहान आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणत राहून गेली. तुला कुणी थांब म्हणालं नव्हतं. कुणी जा असंही म्हणालं नाही. मी ब्रँचमध्ये अधिकारी झाले तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि तू सगळ्यांना गुलाबजाम वाढलेस. तुझ्या डब्यावर मी ती नोकरी केली हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्याकडे जन्मभर राहिलीस, आणि तिथे तीन महिने राहायला तुला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं.

निघायच्या सकाळी गाडी गल्लीत उभी होती. एन्कार्नाने पहाटे बदामाची बिस्किटं पाठवली होती, वाटेत खायला. ती आपण डब्यात भरली आणि वाडगा ओट्यावर राहिला. घरात भरण्यासारखं काही नव्हतं, ऋतुजाने फ्रिजसुद्धा आवरला होता. मी म्हटलं, ठेव तिच्या दारात. तू म्हणालीस, "रिकामा?" मी म्हटलं, मग त्यात डब्यातली दोन बिस्किटं टाक आणि चल, विमान काय तुझ्यासाठी थांबणार आहे? "तिचाच तिका?" असं म्हणून तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू तो वाडगा तुझ्या गाऊनमध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीत घातलास. विमानतळावर तपासणीवाल्यांनी तो बाहेर काढून उलटासुलटा करून पाहिला, तेव्हा तुझा जीव नुसता वरखाली होत होता. गाडीच्या खिडकीतून तू एन्कार्नाला खुणेने सांगितलं होतंस, मी आणून देईन. तिने पण खुणेने सांगितलं, ये.

घरी आल्यावर तू तो फ्रिजवर ठेवलास. त्यात कधी लिंबं ठेवली नाहीस की किल्ल्या टाकू दिल्या नाहीस. दर रविवारी दुपारी ऋतुजा फोन लावायची, मागे एन्कार्ना यायची, तू आधी वाडगा कॅमेऱ्यापुढे धरायचीस आणि मग बोलायला लागायचीस. पहिल्या वर्षी आपण जाणार होतो, तर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी बिल्डिंग पाडायची बोलणी सुरू झाली, सामान हलवायचं होतं, तुझ्याशिवाय कोण हलवणार. बिल्डिंग अजून आहे तिथेच आहे. यंदा मी म्हटलं, दिवाळीच्या ऑर्डरी झाल्या की बघू.

एकदाच विषय निघाला. तू कणीक मळत होतीस. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तेव्हाच राहिली असतीस तर बरं झालं असतं. मी तर राहा म्हणाले होते." तुझे हात थांबले. तू वर न बघता म्हणालीस, "म्हणाली होतीस. कशी म्हणालीस तेही ऐकलं मी." मी बाहेर जाऊन टीव्ही लावला, आवाज मोठा ठेवला. थोड्या वेळाने तू पोळ्या घेऊन आलीस आणि म्हणालीस, गरम आहेत तोवर बसा. आपलं भांडण तिथेच राहिलं. मला वाटलं होतं, एवढ्यात काय घाई आहे.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "वयनी, जरा पाठ टेकतंय." मुलुंडला तू हे कधी म्हणत नव्हतीस. मला कळायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच की परातीतले वाल आता मला सोलावे लागणार. चारला मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "बेबी, चहा घेतेस ना?" मग परत मारली. दुसऱ्या हाकेत चिडचिड होती, खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असेल. सगळे म्हणतात झोपेतच गेली, पुण्यवान. मला मात्र डॉक्टरांच्या त्या तासाचा केवढा आधार आहे. तेवढ्यामुळे मला म्हणता येतं की ती दुसरी हाक तुला ऐकू आली नाही.

गेल्या रविवारी ऋतुजाने फोन लावला. ती तेराव्याला इथे नव्हती, डॉक्टरांनी तिला सध्या विमानात बसायला मनाई केलीय. हो, बेबी, तुला हे सांगायचं राहिलं. तू आजी होणार होतीस. ती तुला स्वतः सांगणार होती, पुढच्याच रविवारी. तिच्यामागे एन्कार्ना होती, एप्रनशिवाय, काळ्या कपड्यांत. तिला कळलं होतं. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

ऋतुजा म्हणाली, "आई, ती विचारतेय, आत्या तेव्हा राहिली का नाही? तिला राहायचं होतं, असं म्हणतेय ती. खुर्चीवर बसलेली असताना कळत होतं म्हणे."

माझ्या तोंडावर आलं होतं, मी तर राहा म्हणाले होते. इतक्या वेळा म्हटलंय की आपोआप येतं. पण समोर ती बाई होती, जिला आपली भाषा येत नाही, तिला सूर तेवढा कळतो. मी म्हटलं, "सांग तिला, मी राहू दिलं नाही."

मला वाटलं रेंज गेली. मग ऋतुजा म्हणाली, "मला माहितीये, आई. मी तिथेच होते ना."

"मग काही बोलली का नाहीस?"

"तू राहा म्हणाली होतीस ना."

तिने ते एन्कार्नाला सांगितलं. काय सांगितलं, किती सांगितलं, मला कळलं नाही. एन्कार्नाने मान हलवली, रागावलेली दिसली नाही, माफ केल्यासारखीही दिसली नाही. तिने हाताने गोल करून दाखवलं. मी उठून फ्रिजवरचा वाडगा काढला आणि तुझ्यासारखा कॅमेऱ्यापुढे धरला. ती बोलली, ऋतुजाला रडू येत होतं पण तिने मला नीट सांगितलं. "ती म्हणतेय, आता तू आणून दे. आणि रिकामा आणू नकोस."

सोमवारी मी बेसन भाजायला घेतलं. तू कधी मला कढईला हात लावू दिला नाहीस आणि मीही कधी मागितली नाही. तूप जास्त झालं. लाडू वळताना गोल होते आणि ताटात ठेवले की बसले. सावंतवहिनी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, असू दे हो, पहिल्यांदाच आहे. पहिल्यांदाच, या वयात. पुन्हा करेन. जमेपर्यंत करेन आणि मग जाईन, ऋतुजाचं बाळंतपण काढायला. त्या दारात बसेन, एन्कार्नाने खुर्ची दिली तर. दुपारी ऋतुजा झोपली की तिला उठवणार नाही. चहा मीच करेन.

राहिला प्रश्न तुझ्या दादांचा. तेराव्यानंतर मागच्या गल्लीतल्या एका बाईंचा डबा लावलाय, तात्पुरता, मला सगळं झेपत नाही म्हणून. काल दुपारी ते डबा उघडून बसले होते तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, मला तिकडे दोन-तीन महिने तरी राहावं लागेल.

"जा की," ते म्हणाले. त्यांच्या सुरात काहीच नव्हतं, नुसतं जा की. "हा डबा आहे ना."

"पण तुम्हाला बाहेरचं जेवण पचत नाही."

त्यांनी चमचा थांबवून माझ्याकडे पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखं. "कोण म्हणालं? ते बेबी म्हणायची. इतके दिवस खातोय की मी."

मग त्यांनी उरलेली पोळी आमटीत बुडवून खाल्ली, डबा धुऊन पालथा घातला, बडीशेप तोंडात टाकून पेपर उघडला. मी समोर बसून राहिले. तुला म्हणून सांगते, मी वाट बघत होते. एखादी करपट ढेकर यावी, एकदा तरी "जरा जड वाटतंय" म्हणावं. तेवढ्यावरसुद्धा मी पुढची वर्षं काढली असती. संध्याकाळपर्यंत बसले. संध्याकाळी ते फिरून आले आणि चपला काढता काढता विचारलं, रात्रीच्या डब्यात काय आहे?

पचतंय गं त्यांना, बेबी.